नस ताणली, तुटली की उपटली?

पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांतील नवजात शिशू विभागांत शहराइतकीच भोर, जुन्नर, मावळकडचीही बाळे येतात. त्यांतील एखाद्याचा एक हात जन्मापासून अंगालगत निपचित असतो, आणि बाळ दचकले की दुसरा हात झटकन पसरतो, पण हा हलत नाही. बहुधा जन्मताना डोके बाहेर आल्यावर खांदा अडकलेला असतो, आणि त्या ताणामुळे मानेतून हाताकडे जाणाऱ्या ब्रेकियल प्लेक्सस या मज्जातंतूंच्या जाळ्याला इजा झालेली असते. हजार जन्मांमागे साधारण एका बाळाला ती होते.

एक्स-रेमध्ये नस दिसत नाही. तो काढतात तो हासळीचे किंवा दंडाचे हाड मोडले आहे का हे पाहण्यासाठी, कारण त्या वेदनेनेही बाळ हात हलवत नाही. मानेतूनच निघणाऱ्या नसेला इजा होऊन श्वासपटलाची (छाती आणि पोट यांमधील स्नायूच्या पडद्याची) एक बाजू निकामी झाल्याची शंका असल्यास सोनोग्राफीत त्याची हालचाल दिसते.

यातील बरीच बाळे आपोआप सुधारतात, म्हणून सुरुवातीचे आठवडे वारंवार तपासणीचे आणि फिजिओथेरपीचे असतात. मालिश करणाऱ्या बाईंनाही तो हात ओढू नका, असे स्पष्ट सांगावे लागते. तिसऱ्या महिन्यापर्यंत कोपर वाकू लागले नाही, तर मात्र शस्त्रक्रियेचा विचार सुरू होतो. नस केवळ ताणली गेली आहे, मानेत तुटली आहे, की मज्जारज्जूपासून मुळासकट उपटली आहे, हे तेव्हा कळायला हवे.

पूर्वी यासाठी कमरेतून सुईने औषध सोडून सीटी स्कॅन करत, त्यात किरणोत्सर्गही आला. एमआरआयमध्ये तो नसतो. अगदी तान्ह्या बाळाची तपासणी दूध पाजून, दुपट्यात गुंडाळून, झोपेतच उरकता येते. थोड्या मोठ्या बाळाला बहुधा भूल द्यावी लागते. मूळ उपटताना त्याचे आवरण फाटले, तर तिथे पाणी साचून चित्रात पांढरी पिशवी दिसते. ही खूण मोलाची आहे, पण निर्णायक नाही: पिशवी असूनही मूळ शाबूत असू शकते आणि पिशवी नसतानाही ते उपटलेले असू शकते. त्यामुळे जाणकार रेडिओलॉजिस्ट एमआरआयच्या पातळ छेदचित्रांमध्ये मुळाचे धागेच शोधतात, आणि शल्यचिकित्सक ते चित्र बाळाच्या प्रत्यक्ष हालचालींशी ताडून पाहतात.

तुटलेल्या नसेला पायातील नसेचे कलम लावता येते. उपटलेल्या मुळाला ते लागत नाही, तिथे शेजारची चालती नस वळवून जोडावी लागते. कलमासाठी किती मुळे शिल्लक आहेत, याचा अंदाज शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाण्याआधी याच चित्रातून बांधला जातो.