पदवीपासून पहिल्या कामापर्यंत : गोव्यातील इंटिरिअर डिझाइनचे शिक्षण

(पडद्यावर : पणजीतील आल्तिनोची टेकडी. उतारावरून खाली येणारे विद्यार्थी, काखेत गुंडाळलेले ड्रॉइंगचे कागद.)

आपल्या देशात स्वतःला वास्तुविशारद म्हणवून घ्यायचे असेल, तर १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टनुसार वास्तुकला परिषदेकडे नाव नोंदवावे लागते. नोंदणी नसताना ती उपाधी लावणे दंडनीय आहे. इंटिरिअर डिझायनरसाठी मात्र असा कायदा नाही आणि सक्तीची नोंदणीही नाही. त्याच १९७२ साली स्थापन झालेली इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरिअर डिझायनर्स ही या व्यावसायिकांची देशव्यापी संघटना असली, तरी तिचे सदस्यत्व ऐच्छिक आहे. म्हणजे उद्या कोणीही दारावर पाटी लावून लोकांच्या घरांत आणि दुकानांत काम सुरू करू शकतो. या मोकळिकीमुळेच विद्यापीठात घालवलेल्या वर्षांचे मोल वाढते, असे आम्हाला वाटते. जी जबाबदारी कायदा मागत नाही, ती विद्यार्थ्याला आपण होऊन उचलायची असते आणि ती पेलण्याची तयारी याच वर्षांत करावी लागते.

गोव्यात या क्षेत्राकडे वळणाऱ्या मुलांपुढे वाटा फार नाहीत. आल्तिनोवर १९८२ साली सुरू झालेले गोवा वास्तुकला महाविद्यालय आहे आणि ते गोवा विद्यापीठाशी संलग्न आहे. तेथील पाच वर्षांच्या वास्तुकला पदवीसाठी नाटा ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. ज्यांना सुरुवातीपासून इंटिरिअर डिझाइनचीच पदवी हवी असते, त्यांच्यापैकी पुष्कळ जण पुणे, मुंबई, बेळगाव किंवा अहमदाबाद गाठतात. डिझाइनची पदवी साधारणपणे चार वर्षांची असते. आयआयटीतील डिझाइन अभ्यासक्रमांसाठी यूसीड ही प्रवेशपरीक्षा आणि १९६१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठी तिची स्वतंत्र परीक्षा असते. पदवी कोठूनही घेतली, तरी गोव्यात परतून काम करायचे असेल, तर येथील हवा, येथील घरे आणि येथील कारागीर यांचा अभ्यास वेगळा करावा लागतो. तो कोणत्याही एका अभ्यासक्रमात सापडत नाही.

(पडद्यावर : फोंडा तालुक्यातील एका जुन्या घराचे राजांगण. दोन विद्यार्थी टेप धरून मोजमाप घेत आहेत.)

पहिल्या वर्षात चित्रकला, भूमिती, मॉडेल तयार करणे आणि बांधकामसाहित्याची ओळख हे विषय असतात. त्यांत सर्वांत कमी आकर्षक वाटणारे आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे उभ्या असलेल्या घराचे मोजमाप. पडद्यावर दिसणाऱ्या या घरात मधोमध उघडे राजांगण, त्यात तुळशीवृंदावन, भोवती फिरती ओसरी, मागे देवघर आणि माजघर आहे. कागदावर हा चौकोन काढणे सोपे वाटते. प्रत्यक्षात चिऱ्यांच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, जाड भिंती क्वचितच काटकोनात असतात. म्हणून खोलीच्या चार बाजू मोजून भागत नाही; दोन्ही कर्णही मोजावे लागतात, आणि त्यांच्यात फरक निघाला तर खोली किती तिरकी आहे ते कळते. हा फरक नोंदवला नाही, तर पुढे कपाटाचा अखंड तयार केलेला सांगाडा भिंतीला एका टोकाला टेकतो आणि दुसऱ्या टोकाला दोन बोटे उघडा राहतो.

मोजता मोजता विद्यार्थी आणखी एक गोष्ट शिकतो. राजांगणाकडे उतरणारी कौलारू छपरे पावसाचे पाणी आत घेतात, उजेड आणि वारा खेळवतात, आणि घरातील माणसांना एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात ठेवतात. साष्टीत लोटली किंवा चांदर येथील जुन्या घरांत हेच नाते बल्कांवच्या रूपाने रस्त्याशी जोडलेले दिसते, कारण दारासमोरच्या त्या सोप्यांवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलणे व्हायचे. तोर्डा येथे वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांनी गोव्यातील घरांना वाहिलेले एक संग्रहालयच उभारले आहे. विद्यार्थ्यांनी ते आवर्जून पाहावे. मात्र वापरात असलेल्या घरात संध्याकाळभर बसून माणसे कोठे थांबतात, कोठून वळसा घालतात, काय कोठे ठेवतात हे टिपणे त्याहून अधिक उपयोगाचे आहे.

येथे एक मत स्पष्ट मांडले पाहिजे. दुसऱ्या घरासाठी गोव्यात येणारे ग्राहक आणि नवी उपाहारगृहे यांच्याकडून ‘गोव्याचा लूक’ मागितला जातो, आणि मग निळ्या फरशीच्या नकला, रंगीत चौकटी आणि एखादी जुनी आरामखुर्ची एवढ्यावर काम उरकले जाते. बल्कांव ज्या कारणासाठी बांधला गेला ते कारणच नसलेल्या जागी त्याची प्रतिकृती उभारणे, हा या प्रदेशाचा मान नव्हे. विद्यार्थ्याने ही मागणी ऐकून घ्यावी, पण तिला उत्तर देताना आधी उजेड, वारा आणि वापर यांचा विचार करावा.

(पडद्यावर : शिंपल्यांची खिडकी, जवळून. पलीकडून येणारा दुधाळ प्रकाश.)

या खिडकीत काचेऐवजी सपाट, अर्धपारदर्शक शिंपले बसवलेले आहेत. काच दुर्मीळ आणि महाग होती त्या काळात शिंपले घासून, कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवले जात, आणि उन्हाची तिरीप मवाळ होऊन आत येई. हे शिंपले चिखलीच्या खाडीत आजही सापडतात. परंतु वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण दिलेले असल्यामुळे नव्या खिडकीसाठी ते हवे तसे मागवता येत नाहीत. मग काय करायचे? जुन्या घरांतून उतरवलेल्या पट्ट्या जपून पुन्हा वापरायच्या, की दुधी काचेची खिडकी प्रामाणिकपणे आजची म्हणून करायची, हा प्रश्न वर्गात चर्चेला आला, तर एकाच खिडकीतून इतिहास, प्रकाशशास्त्र, कायदा आणि अंदाजपत्रक हे चारही विषय शिकवता येतात.

आता ओलाव्याकडे वळू. गोव्याच्या किनारपट्टीवर वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. या दिवसांत कपाटातील कपड्यांना बुरशी येते, दारे फुगतात, बिजागऱ्या गंजतात, वाळवी चढते. म्हणून साहित्याचा विषय येथे पाठांतराने भागण्यासारखा नाही. साध्या प्लायवूडसाठी आयएस ३०३ आणि मरीन प्लायवूडसाठी आयएस ७१० ही भारतीय मानके आहेत; दुसऱ्या प्रकारात चिकटवणीचा कस पाहण्यासाठी नमुना ७२ तास उकळण्याच्या चाचणीतून जातो. सिंकखालच्या कपाटाला यांतील कोणते वापरायचे हे ठरवणे ज्याला जमत नाही, त्याने रंगसंगतीवर कितीही सुंदर तक्ता केला तरी स्वयंपाकघर दोन पावसाळ्यांत उघडे पडते. पार्टिकल बोर्डाला पाणी लागले की तो फुगतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. बाहेरच्या भिंतीला चिकटून केलेल्या कपाटामागे हवा खेळायला थोडी फट ठेवावी लागते. समुद्राजवळच्या घरांत खारी हवा स्टेनलेस स्टीललाही डाग पाडते. तेथे ३०४ ऐवजी खाऱ्या हवेत अधिक टिकणारे ३१६ प्रतीचे स्टील सुचवले, तर खर्च का वाढतो हे मालकाला समजावून सांगता आले पाहिजे.

जुन्या चिऱ्यांच्या भिंतींचा प्रश्न आणखी नाजूक आहे. चिरा पाणी शोषतो आणि वाळताना ते बाहेर सोडतो. चुन्याचा गिलावा त्याला तशी वाट देतो. त्यावर सिमेंटचा घट्ट गिलावा आणि वर प्लॅस्टिक पेंट चढवला की ओल आत अडकते, रंगाला फुगे येतात आणि पापुद्रे सुटतात. पुष्कळदा दोष रंगाऱ्यावर ढकलला जातो, पण चूक कागदावर, साहित्य निवडतानाच झालेली असते.

(पडद्यावर : सुतारशाळा. रंधा मारणारे हात, लाकडाचा भुसा.)

सुतारकाम करणाऱ्याला गोव्यात मेस्त म्हणतात. फणस, शिवण, किंदळ, साग यांतील कोणते लाकूड कोठे टिकेल, कोणते वाळताना पिळते, हे त्याला हातांनी माहीत असते. विद्यार्थी मिलिमीटरमध्ये विचार करतो, मेस्त इंच आणि सूत यांत; आठ सुतांचा एक इंच, म्हणून १९ मिलिमीटरचा प्लाय त्याच्या लेखी सहा सुतांचा. दोघांच्या मापांत गोंधळ झाला तर खण अडकतो. पण यापेक्षा मोठी गोष्ट अशी की विद्यार्थ्याने संगणकावर काढलेला सांधा प्रत्यक्ष करता येतो की नाही, हे मेस्त एका नजरेत सांगतो. ऑटोकॅड, स्केचअप, रेव्हिट ही साधने शिकलीच पाहिजेत. आजच्या कोणत्याही कार्यालयात त्यांच्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. तरीही पहिल्या वर्षीच छायाचित्रासारखी चित्रे तयार करण्याची सवय लागली, की विद्यार्थी चित्रात दिसते तेवढ्याचाच विचार करतो आणि खणाच्या मागे, छताच्या वर, फरशीच्या खाली काय आहे हे विसरतो. सांध्याचे पूर्ण मापाचे रेखाटन हाताने काढून ते सुतारशाळेत नेणे आणि सुधारून परत आणणे, याला दुसरा पर्याय आम्हाला दिसत नाही. मेस्ताला ‘अहो मेस्त’ अशी हाक मारून त्याच्या शेजारी बसायची तयारी हवी, हेही येथे सांगितले पाहिजे.

मराठी घरांतील गोमंतकीय मुलांना या शिक्षणाची एक पूर्वतयारी नकळत मिळालेली असते. गावच्या जत्रेत मराठी नाटक होते, कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत गावोगावची मंडळे उतरतात, आणि त्यासाठी नेपथ्य उभारणारी मुले बहुधा गावातलीच असतात. मोजक्या पैशांत, मोजक्या फळ्यांत वाडा उभा करायचा, तो प्रेक्षकाला शेवटच्या रांगेतून पटला पाहिजे, पात्रांना वावरायला वाट हवी, प्रकाशयोजनेला जागा हवी आणि दोन अंकांमध्ये सारे हलवता आले पाहिजे. जागेचा उपयोग, माप, उजेड आणि खर्च यांचा एकत्रित विचार करण्याचा हा सराव आहे. पोर्टफोलिओत अशी कामे घालायला विद्यार्थी संकोचतात. त्यांनी ती अभिमानाने घालावीत. स्वतः कला अकादमीची इमारत हाही एक धडा आहे. मांडवीकाठच्या या इमारतीत चार्ल्स कोरिया यांनी रस्ता, अंगण आणि नाट्यगृह यांच्यातील सीमा इतक्या हळुवार केल्या की माणूस कधी आत आला ते त्याला कळत नाही.

(पडद्यावर : कामाची जागा. अर्धवट फोडलेली भिंत, दोरीवर लटकणारा ओळंबा.)

शेवटच्या वर्षांत प्रकल्प मोठे होतात आणि त्यांच्याबरोबर धोकेही. चिऱ्यांच्या जुन्या घरात छपराचा भार भिंतींवर असतो. ‘ही भिंत काढून हॉल मोठा करा’ असे मालक म्हणाला, तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी सल्ल्याशिवाय त्या भिंतीला हात लावायचा नाही, हे इंटिरिअर डिझायनरने स्वतःवर घातलेले बंधन असले पाहिजे. उपाहारगृहात गर्दी झाल्यावर माणसे कोणत्या दाराने बाहेर पडतील, ते दार बाहेरच्या बाजूला उघडते का, छताला लावलेले साहित्य पेट घेणारे आहे का, या प्रश्नांची उत्तरे २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत शोधावी लागतात. व्हीलचेअरसाठी उताराचे प्रमाण एकास बारापेक्षा तीव्र असू नये, हा आकडाही तेव्हाच अंगवळणी पडावा. घराच्या वीजजोडणीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, का असतो, हे ठाऊक नसलेल्या व्यक्तीने स्नानगृहाचे नकाशे मंजूर करू नयेत.

व्यवसायाची तयारी खऱ्या अर्थाने इंटर्नशिपमध्ये होते. चांगल्या कार्यालयात विद्यार्थ्याला साइटवर नेतात, ठेकेदाराशी बोलणे ऐकू देतात, बीओक्यू लिहायला लावतात. बीओक्यू म्हणजे कामाच्या प्रत्येक बाबीचे वर्णन, परिमाण आणि दर यांचा तक्ता. त्यात नुसते ‘कपाट, प्लायवूडचे’ असे लिहून चालत नाही. जाडी, मानक, आतली आणि बाहेरची लॅमिनेट, कडेची पट्टी, बिजागरीचा प्रकार, सारे लिहावे लागते, कारण पुढचा प्रत्येक वाद याच ओळींपाशी येऊन थांबतो. ज्या कार्यालयात सहा महिने नुसती सुंदर चित्रेच काढून घेतली जातात, तेथून विद्यार्थ्याने विनम्रपणे दुसरी जागा शोधावी.

पैशांविषयी महाविद्यालयांत फार कमी बोलले जाते, म्हणून येथे थोडे थांबू. मानधन कामाच्या खर्चाच्या टक्केवारीत, चौरस फुटांवर किंवा एकरकमी ठरवतात. ते कोणत्या टप्प्यावर किती मिळणार, किती बदल त्यात धरलेले आहेत आणि साइटच्या किती भेटी होणार, हे नेमणूकपत्रात लिहून दोघांनी सही करावी. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की सेवांसाठी जीएसटीची नोंदणी करावी लागते. आणि दुकानदारांकडून मिळणारे कमिशन! प्लायवूड, फरशी, नळ यांच्या खरेदीवर डिझायनरला टक्केवारी देण्याची रीत बाजारात रुजलेली आहे. जो मालकाकडून मानधन घेतो, त्याने दुकानदाराकडून गुपचूप पैसे घेतले तर त्याचा सल्ला मालकाचा राहत नाही. हे शिक्षकांनी वर्गात उघडपणे बोलावे, कारण पहिल्याच नोकरीत हा प्रसंग येतो आणि तेव्हा विचार करायला सवड नसते.

काम संपल्यावर मालकाच्या हाती एक फाइल द्यावी. तिच्यात वायरी भिंतीतून कोठून गेल्या त्याचा नकाशा, रंगांचे क्रमांक, बिजागऱ्या आणि नळ यांची यादी, हमीपत्रे आणि प्लंबिंगचे बंद करायचे कॉक कोठे आहेत याची नोंद असावी. त्यानंतरच्या ऑक्टोबरमध्ये, मालकाने बोलावले नसले तरी, त्याची परवानगी घेऊन घरी एक भेट द्यावी. कोणते दार अडकते, सिंकखालची कड फुगली का, कपाटामागे ओल आली का हे पाहून जे सापडेल ते लिहून ठेवावे आणि पुढच्या कामाच्या बीओक्यूत त्याप्रमाणे बदल करावा.