चाळीच्या जिन्यावरून आशियाई सिनेमा

[दृश्य: गिरगावातली एक चाळ, पहाट. लाकडी जिना खालून वर. सिलिंडरवाला चढतो आहे.]

जिना इतका उभा आहे की खांद्यावर सिलिंडर घेतलेला माणूस दर मजल्याला थांबून श्वास घेतो. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्यात. कठड्याचं लाकूड हात फिरून फिरून गुळगुळीत. मधल्या चौकात विजेच्या मीटरांची रांग, वर कोळिष्टकं, खाली कुणाच्या तरी चपला.

या जिन्यावर बसून मी आशियाई सिनेमाबद्दल बोलणार आहे. चित्रपटांतली दृश्यं दाखवायचे हक्क आमच्याकडे नाहीत. कॅमेऱ्यात सापडली ती ही चाळ, तीही रिकामी होत असताना. त्यामुळे गोष्ट सोलची असेल आणि जिना गिरगावचा. स्वयंपाकघर तोक्योचं असेल आणि मोरी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची. तेवढं चालवून घ्या.

मी समीक्षक नव्हे. फिल्म सोसायटीच्या खुर्च्यांवर, मुंबईच्या थर्ड आय आणि पुण्याच्या पिफ या महोत्सवांच्या रांगांमध्ये आणि आता बहुतेक वेळा मोबाइलवर चित्रपट पाहणारा माणूस. माझा एकच प्रश्न असतो. चित्रपटातल्या घरात पाणी कुठून येतं, हे दिग्दर्शकाला माहीत आहे का? माहीत असेल तर मी त्याचा चित्रपट तीन तास बघतो. नसेल तर व्हेनिसच्या महोत्सवातून बक्षिसाचे कितीही सिंह आणो, माझा हात घड्याळाकडे जातो.

[दृश्य: पाऊस. जिन्यावरून पाणी ओघळतंय. तळमजल्याच्या खोलीत चाललेली आवराआवर.]

'पॅरासाइट' सगळ्यांनी पाहिलाय, म्हणून आधी तोच. २०१९ चा. कान महोत्सवाचं सर्वोच्च बक्षीस पाम द'ओर, मग ऑस्करला चार बाहुल्या, त्यातली एक सर्वोत्कृष्ट चित्रपटाची. बोंग जून-हो या दिग्दर्शकाला घर कळतं. किम कुटुंब राहतं ते अर्ध-तळघर, म्हणजे बांजिहा, आणि त्याच्या आसपासची सगळी गल्ली पाण्याच्या मोठ्या टाकीत उभारली होती. पुढे ती बुडवायची होती म्हणून. श्रीमंत पार्कसाहेबांचा बंगलाही सेटच. ऊन कुठल्या बाजूने आत येईल याचा हिशेब करून त्याची जागा ठरवलेली.

तळघरातला संडास आठवतो? खोलीतल्या सगळ्यात उंच जागी, ओट्यावर चढवलेला. शेजाऱ्याचं वाय-फाय पकडायला भावंडं तिथे जाऊन बसतात. लोक हसले. आमच्या चाळीतल्या माणसांना हसू आलं नसतं. खोली रस्त्याच्या खाली असली की मैला खाली वाहत नाही, एवढंच त्याचं कारण.

या तळघरांना इतिहास आहे. उत्तर कोरियाच्या हल्ल्याची धास्ती होती, म्हणून १९७० मध्ये दक्षिण कोरियाने कमी उंचीच्या नव्या इमारतींना तळघर सक्तीचं केलं. वेळ आलीच तर आडोसा म्हणून. तिथे भाडेकरू ठेवायला बंदी होती. पण सोलमध्ये माणसं येत राहिली, खोल्या पुरेनात, आणि १९८० च्या दशकात सरकारने तळघरात राहायला मोकळीक दिली. युद्धाच्या भीतीने खणलेली जागा घरभाड्याच्या बाजारात आली. बोंगने हे कुठेही समजावून सांगितलेलं नाही. त्याने खिडकी दाखवली, आणि खिडकीबाहेर लघवीला उभा राहिलेला दारुडा.

ऑगस्ट २०२२ च्या पावसात सोलच्या अशाच एका तळघरात एकाच घरातल्या तिघी बुडून मेल्या. मग शहराने बांजिहा हळूहळू बंद करायचं जाहीर केलं.

आता माझी तक्रार. बागेतल्या पार्टीत सुरी निघते तिथून पुढचा चित्रपट मला नको होता. पावसाची रात्र उजाडते, बंगल्यातली बाई फोनवर सांगते की बरं झालं पाऊस पडला, हवा स्वच्छ झाली. त्या वाक्यावर सगळं बोलून झालं होतं. रक्त लागलं ते प्रेक्षकांना घरी पाठवायला, असं माझं मत. मित्रांना पटत नाही.

[दृश्य: दोघे हमाल लोखंडी कपाट जिन्यावरून उतरवताना. वळणावर कपाट अडकतं. आवाज मूळचाच ठेवावा.]

हे कपाट तीन पिढ्यांपूर्वी वर कसं चढवलं, कोणालाच आठवत नाही. उतरवायला मात्र सकाळ गेली. आधी दारं काढली, मग आरसा. मग एकाने खालून खांदा दिला, दुसऱ्याने वरून सुती दोर धरला. वळणावर पुन्हा अडकलं. कठड्याची दोन गजं काढावी लागली.

इराणी दिग्दर्शक असगर फरहादीच्या 'अ सेपरेशन'मध्ये सुरुवातीलाच जिन्यात पियानो आहे. हमाल एका मजल्याचे पैसे जास्त मागतात. घर सोडून निघालेली सिमीन वाद नको म्हणून खणातले पैसे देऊन मोकळी होते. प्रेक्षक हे विसरून जातो. पुढे त्याच खणातले पैसे कमी भरतात, कामवालीवर चोरीचा आळ येतो, धक्काबुक्की होते, ती बाई जिन्यावर पडते, तिचं मूल जातं. धक्क्याने ती खरंच पायऱ्यांपर्यंत गेली असती का, हा प्रश्न कोर्टात पोचतो. एका मजल्याच्या हमालीवर इतकं सगळं उभं करणारा लेखक मला दुसरा माहीत नाही. २०११ साली बर्लिन महोत्सवाचं सर्वोच्च बक्षीस, सुवर्ण अस्वल, त्याने नेलं, पुढच्या वर्षी ऑस्कर.

त्यातली कामवाली रझिया मला सिमीनपेक्षा जवळची. जिची देखभाल करायला तिला ठेवलंय त्या सिमीनच्या म्हाताऱ्या सासऱ्याने कपड्यात लघवी केली, ते बदलायचे तर परक्या पुरुषाला हात लावावा लागणार. ती फोन लावते आणि धर्माचं मार्गदर्शन करणाऱ्याला विचारते, हे पाप होईल का? शेजारी तिची लहानगी उभी. बाबांना सांगणार नाही, म्हणते.

फरहादीवर माझा राग एकच, त्याला कोडी घालायची सवय जडली. नंतरच्या चित्रपटांत माणसं वकिलासारखी बोलू लागली. 'द सेल्समन' त्यातल्या त्यात अपवाद. त्याच्या सुरुवातीलाच इमारत हादरते, भिंतींना तडे जातात, लोक म्हाताऱ्यांना उचलून जिन्यावरून पळतात. कॅमेरा खिडकीशी जातो, खाली शेजारच्या प्लॉटवर खोदकामाचं यंत्र शांतपणे काम करतंय.

[दृश्य: आमच्या शेजारच्या प्लॉटवरचं खोदकाम. चाळीच्या भिंतीतला तडा, त्यावर चिकटवलेली काचपट्टी.]

ही काचपट्टी तडा वाढतोय का ते बघायला लावतात. भिंत सरकली की काच फुटते.

[दृश्य: गॅलरी. दोऱ्यांवरचे कपडे, तुळस, पाण्याची पिंपं. मग काकूंची खोली: ओटा, मोरी, माळा.]

गॅलरी आम्ही सगळ्यात जास्त चित्रित केली, म्हणून तिथे थोडं रेंगाळतो. पाणी यायची वेळ ठरलेली. त्याआधी पिंपं रिकामी, हंडे उताणे. नळ आधी फुत्कारतो, मग गढूळ धार, मग स्वच्छ. पहिली गढूळ बादली फरशीला, दुसरी धुण्याला, त्यानंतरचं पिण्याचं, फडक्यातून गाळून. एकीचा हंडा भरत असताना दुसरी तिच्या गॅसवरचं दूध बघून येते. हे सगळं न बोलता चालतं.

जपानी दिग्दर्शक हिरोकाझू कोरेएडाचं 'शॉपलिफ्टर्स'मधलं घर बघताना मला हीच गॅलरी दिसली. उंच इमारतींच्या मध्ये दबलेलं जुनं बैठं घर, आजीच्या पेन्शनवर आणि दुकानातून उचललेल्या मालावर चाललेलं. सहा माणसं, रक्ताचं नातं जवळपास कुणाचंच कुणाशी नाही. नूडल्सच्या कपात बटाट्याचं क्रोकेट बुडवून खातात. एका रात्री आतषबाजी होते. आवाज येतो, पण इमारतींमुळे दिसत काही नाही. सगळे पडवीत येऊन वर बघतात. कॅमेरा वरून, आकाशाच्या जागी. दिवाळीत आमच्या चाळीच्या चौकात उभं राहिलात तर हे चित्र समजावून घ्यावं लागणार नाही.

२०१८ चा पाम द'ओर या चित्रपटाला. आजी झालेली किरीन किकी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गेली. त्या घरातली आई झालेली साकुरा आंदो पोलिसांसमोर बसून डोळे पुसते, तळहाताने, केस मागे सारत, तो प्रसंग मी सांगणार नाही. बघा.

पण कोरेएडाचा प्रत्येक चित्रपट डोक्यावर घ्यायचा हे मला मान्य नाही. २०२२ साली कोरियात जाऊन केलेला 'ब्रोकर' मला शिऱ्यात साखर दोनदा पडल्यासारखा लागला. बाळं विकणारी माणसं इतकी गोड? साँग कांग-होला त्यासाठी कानमध्ये अभिनयाचं बक्षीस मिळालं. त्याचं काम चांगलं आहेच. घर मात्र नाही. सगळे गाडीतून हिंडत राहतात.

गाडीवरून आठवलं. 'ड्राइव्ह माय कार'मधल्या लाल साब गाडीबद्दल मला पुष्कळ बोलायचं होतं. आमच्याकडे गाडीचं एकही दृश्य नाही, म्हणून राहिलं.

[दृश्य: घण. पलीकडच्या पाडलेल्या इमारतीवरचे मजूर. विटांचा ढीग, सळ्या वेगळ्या काढणारी बाई. निवेदन वीस सेकंद नाही.]

इमारत वरून खाली पाडतात. आधी कौलं आणि पत्रे उतरतात, मग दारं-खिडक्या. सागवान असेल तर त्याला गिऱ्हाईक आधीच ठरलेलं. मग मजल्याचं लाकूड, मग भिंती. घण मारणारा ज्या भिंतीवर उभा असतो तीच तो फोडत असतो.

चिनी दिग्दर्शक जिया झांगकेच्या 'स्टिल लाइफ'मध्ये असेच मजूर आहेत, उघडेबंब, ओळीने घण घालणारे. गाव फेंगजे, यांगत्झी नदीच्या काठचं. थ्री गॉर्जेस धरणाखाली दहा लाखांहून जास्त माणसं उठवली, त्यातलं हे एक. पाणी कुठवर चढणार त्याची खूण भिंतींवर रंगवलेली, आणि तिच्या खाली माणसं जेवताहेत, पत्ते खेळताहेत. एक मजूर दहा युआनची नोट काढतो. नोटेवर त्याच घळीचं चित्र. तो नोट समोर धरून खऱ्या डोंगराशी ताडून बघतो.

२००६ साली व्हेनिसने याला सुवर्णसिंह दिला. मधेच एक इमारत रॉकेटसारखी उडून जाते, तेव्हा सभागृहात एकजण मोठ्याने हसला होता. जाणकारांनी त्या उड्डाणाचे बरेच अर्थ काढलेत. मला ते अजूनही आगाऊपणाचं वाटतं. एवढी खरी धूळ हातात असताना जादू कशाला? जियाचा २०२४ चा 'कॉट बाय द टाइड्स' वीसेक वर्षं साठवलेल्या चित्रणातून जोडलाय. नायिका झाओ ताओ आपल्यासमोर वयाने वाढत जाते. तो पाहून मात्र मी गप्प बसलो.

[दृश्य: नव्या टॉवरचा भव्य फलक. त्याखाली बसलेला वॉचमन. फलकावरचं नाव दिसू देऊ नये.]

फलकावर पोहण्याचा तलाव आहे, समुद्र आहे, आणि गिरगावात कुणी कधी न पाहिलेलं गोरं कुटुंब.

दिग्दर्शक त्साई मिंग-लियांगच्या 'स्ट्रे डॉग्ज'मधला बाप तैवानमधल्या ताइपेच्या चौकात असाच घरांच्या जाहिरातीचा फलक धरून उभा राहतो. भर पावसात, प्लास्टिक अंगावर घेऊन, सिग्नल सुटेपर्यंत आणि पुन्हा लागेपर्यंत. घर त्याला नाही, त्याच्या दोन पोरांनाही नाही. हा बाप झालेला ली कांग-शेंग तिथेच उभ्याउभ्या गाऊ लागतो आणि गाता गाता रडतो. हे दृश्य कितीही लांबवलं असतं तरी मी हललो नसतो. शेवटी तो आणि एक बाई पडक्या इमारतीतल्या भित्तिचित्रासमोर उभे राहतात. दहा मिनिटं उलटली तरी उभेच. त्यात मोठं काही आहे असं शहाणी माणसं सांगतात. मी चहाला गेलो, परत आलो, ते होते तिथेच होते. या बाबतीत मी अडाणी राहायला तयार आहे.

[दृश्य: रिकाम्या खोल्या. भिंतीवर कॅलेंडरची चौकोनी खूण. टेम्पोत चढणारं सामान.]

पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'ला २०२४ मध्ये कानचा ग्रां प्री, म्हणजे पाम द'ओरच्या खालोखालचं बक्षीस, मिळाला. त्याबद्दल मला बोलायचंय ते पार्वतीपुरतं. छाया कदम. इस्पितळात स्वयंपाक करणारी विधवा. राहत्या खोलीचा एकही कागद तिच्या नावावर नाही, आणि बिल्डरला जागा हवी आहे. परिचारिका असलेली प्रभा तिला वकिलाकडे नेते. वकील कागद मागतो. नवऱ्याने कधी काही दाखवलंच नाही, तर कागद आणायचा कुठून?

पागडीच्या खोलीत राहिलेल्या माणसाला ही भीती ठाऊक असते. भाडेपावती कुणाच्या नावाची, रेशनकार्डावर कोण, सासऱ्यांनंतर नाव बदलून घेतलं की राहून गेलं. आमच्या चाळीत काकूंनी पावत्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्यात, सालवार, दोऱ्याने बांधून. त्या डब्याचं चित्रण तुम्ही आत्ता बघताय. ज्यांच्याकडे असा डबा होता त्यांना नव्या घराचा करार आणि तोवरच्या भाड्याचा धनादेश मिळाला. बाकीचे विरार, बदलापूरकडे गेले.

पार्वती आणि प्रभा रात्री बिल्डरच्या फलकावर दगड मारतात आणि हसत पळतात. वर्गाचा मान मोजक्यांसाठीच राखलेला आहे, अशा अर्थाची इंग्रजी जाहिरात त्यावर आहे. मुंबईवरच्या चित्रपटांत बिल्डरला इतका स्वस्त आणि इतका समाधान देणारा दगड मी पाहिला नव्हता.

ऑस्करसाठी भारताने हा चित्रपट पाठवला नाही. भारतात घडणारा युरोपीय चित्रपट पाहिल्यासारखं वाटलं, असं निवडीनंतर निवडणाऱ्यांकडून सांगण्यात आलं. जर्मनीहून आलेल्या भात शिजवायच्या कुकरला रात्री एकटीने मिठी मारून बसलेली प्रभा यांना युरोपीय वाटली असेल, तर त्यांनी मुंबईत भाड्याची खोली कधी शोधली नसावी.

तक्रार इथेही आहेच. दुसऱ्या भागात पार्वती, प्रभा आणि प्रभाची खोलीतली सोबतीण अनू पार्वतीच्या गावी, रत्नागिरीला जातात, आणि तिथलं कोकण मला पाहुण्यांचं वाटलं. समुद्र आहे, गुहा आहे, किनाऱ्यावर दिव्यांची माळ आहे. बुडताना वाचवलेला माणूस प्रभाशी तिच्या जर्मनीत गेलेल्या नवऱ्याच्या जागी बसून बोलतो, तिथे प्रभा झालेल्या कनी कुसृतीच्या चेहऱ्यामुळे मी टिकून राहिलो, लिखाणामुळे नाही. आणि पार्वतीच्या त्या घरात विहीर किती लांब आहे, पाणी कोण भरतं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.