आजीच्या गुडघ्याला पैसे निघतात, नातीच्या अभ्यासाला निघत नाहीत
(मंडळाच्या बेळगावातील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण, थोडे संपादन करून)

नमस्कार मंडळी.

अध्यक्षांनी मला सीमाभागातल्या मराठी शिक्षणावर बोलायला सांगितलं होतं. त्यांना विचारून विषय थोडा बदलते. शाळा, माध्यम, फलक यांवर आपण दरवर्षी बोलतो, पुढेही बोलू. आज मला म्हातारपणाचा अभ्यास करू पाहणाऱ्या आपल्या मुलांविषयी बोलायचंय. अशी मुलं आपल्यात आहेत. खानापूर, निपाणी, येळ्ळूरच्या मराठी शाळेतून दहावी झालेली, पुढे धडपडत इंग्रजीतून बीएस्सी, एमएस्सी केलेली. माणूस म्हातारा का होतो, ते लांबवता येईल का, थोडं मागे फिरवता येईल का, हे त्यांना शोधायचंय. त्यांच्या वाट्याला घरी काय येतं, ते यंदा दिवाळीत मी माझ्या माहेरीच ऐकलं.

माझ्या भाचीला बंगळुरात पीएचडीची जागा मिळते आहे. विषय, पेशींचं वार्धक्य. भाऊबीजेला सगळे जमलो होतो आणि ताटावरच वाद पेटला. दादा म्हणाला, इतकी वर्षं घालवून हातात काय पडणार? वहिनीला लग्नाची काळजी. आमचे काका म्हणाले, "म्हातारपण म्हणजे काय रोग आहे होय गं? देवानं लावून दिलंय ते." पोरीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, आजीच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तुम्ही आठवड्यात पैसे उभे केलेत. ठेव मोडलीत, कुणाला विचारलंसुद्धा नाहीत. गुडघे झिजतात कशानं हे शिकायला कुणी निघालं, की लगेच हिशेब मागता."

तेव्हापासून तिचं हे बोलणं माझ्या डोक्यातून जात नाही. दादा चांगला माणूस आहे. आईसाठी त्यानं केलं तसं सगळ्यांनी करावं. पण पोरीनं जे बोट ठेवलं, ते आपल्या सगळ्यांच्या घरावर ठेवलंय.

आधी काकांच्या प्रश्नाकडे येते, कारण तो तुमच्याही मनात असणार. म्हातारपणाला रोग म्हणावं की नाही, यावर शास्त्रज्ञांतही एकमत नाही. मात्र त्याचा वेग कायमचा ठरलेला नसतो, हे प्रयोगांनी दाखवलंय. १९९३ साली अमेरिकी शास्त्रज्ञ सिंथिया केनियन यांनी मिलिमीटरभर लांबीच्या एका अळीतला एकच जनुक बदललेला पाहिला, आणि ती अळी दुप्पट जगली. जगली तीही हिंडती-फिरती. २००९ साली उंदरांना रापामायसिन नावाचं औषध दिलं, तेही ६०० दिवसांचे झाल्यावर, म्हणजे माणसाच्या हिशेबात साठीच्या आसपास. तरी त्यांचं आयुष्य वाढलं. हे औषध ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालं. ते वेगळं काढणारे सुरेन सहगल मूळचे आपल्याच उपखंडातले. कंपनीनं त्यांची माँट्रियलची प्रयोगशाळा बंद केली, तेव्हा त्यांनी नमुना घरच्या फ्रीझरमध्ये ठेवून जपला. तसं केलं नसतं तर ते काम तिथंच संपलं असतं.

आणि मागे फिरवण्याचं म्हणाल, तर २००६ साली जपानच्या शिन्या यामानाका यांनी चार जनुकांच्या जोरावर उंदराच्या कातडीची पूर्ण वाढलेली पेशी गर्भातल्या पेशीसारखी कोवळी करून दाखवली. २०१२ साली त्यांना नोबेल मिळालं. पण पेशी पुरती कोवळी झाली की ती आपलं काम विसरते, शरीरात गाठी होऊ शकतात. म्हणून २०१६ साली अमेरिकेतल्या सॉल्क संस्थेत ही चार जनुकं अकाली म्हातारपण आलेल्या उंदरांत थोडाच वेळ चालू ठेवून बंद केली, पुन्हा चालू, पुन्हा बंद. ते उंदीर जास्त जगले. आपला दुधाचा कुंदा आटवताना उतरवायची वेळ चुकली की करपतो, तसंच आहे हे. सगळं कसब वेळेवर थांबण्यात, आणि ती वेळ माणसाच्या बाबतीत अजून कुणाला सापडलेली नाही.

हे मी मुद्दाम स्पष्ट सांगते. आज बाजारात तारुण्य परत देणारी म्हणून जी पावडर, गोळी, सुई मिळते, तिच्यामागे असा कुठलाही पक्का पुरावा नाही. तुमच्यापैकी जे परदेशातून आलेत, ते आई-वडिलांसाठी बॅगेतून डबेच्या डबे आणतात. प्रेमानं आणता, मला माहीत आहे. पण त्या डब्यांवर वर्षाला जेवढे पैसे जातात, तेवढ्यात आपल्या एखाद्या मुलाचं दोन महिन्यांचं प्रयोगशाळेतलं राहणं-जेवण निघतं. डबा विकणाऱ्यापासून आपल्या माणसांना सावध करणारं कुणी हवं असेल, तर या विषयात रीतसर शिकलेली घरची पोरंच ते करू शकतील.

भाचीनं गेल्या उन्हाळ्यात एका प्रयोगशाळेत अळ्यांवर काम केलं. रोज सकाळी काचेच्या बशीतल्या एकेका अळीला प्लॅटिनमच्या केसाएवढ्या तारेनं हळूच डिवचायचं. हलली तर जिवंत, नाही हलली तर वहीत नोंद. रविवार नाही, सण नाही. तिनं मोबाइलवर आम्हाला चित्रफीत दाखवली. तरुण अळी नागमोडी वळत सरसर जाते. म्हातारी अळी जागची हलत नाही, तार लावली की नुसतं डोकं इकडेतिकडे करते. माझ्या आईनं चष्मा लावून ते दोनदा बघितलं आणि म्हणाली, "ही तर माझ्यासारखीच की गं." मग नातीला विचारायला लागली, हिला खायला काय देता, हिला दुखतं काय. आमच्या घरात त्या पोरीच्या कामाविषयी पहिला खरा प्रश्न विचारला तो माझ्या आईनं.

आता कुणी म्हणेल, विद्यार्थ्यांच्या हातून काय होणार, मोठे शास्त्रज्ञ आहेत की. कॅरल ग्रायडर अमेरिकेत बर्कलीला एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांच्याकडे पीएचडी करत होती. डबक्यात राहणाऱ्या एका एकपेशीय जीवावर तिचं काम. १९८४ च्या नाताळच्या दिवशी, वय २३, ती प्रयोगशाळेत गेली आणि गुणसूत्रांची टोकं पुन्हा लांब करणाऱ्या विकराची, म्हणजे एन्झाइमची, पहिली खूण तिला दिसली. पेशी किती वेळा दुभंगू शकते, याच्याशी त्या टोकांचा थेट संबंध आहे. २००९ साली तिला ब्लॅकबर्न आणि शोस्टाक यांच्याबरोबर नोबेल मिळालं. डबक्यातल्या जिवाचा काय उपयोग, असं तिच्या घरी कुणी विचारलं असेल-नसेल. आपल्या घरी नक्की विचारलं असतं.

आणि आपल्याला या विषयाची गरज नाही असं कसं म्हणता? संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा २०२३ चा अहवाल सांगतो, २०२२ साली भारतात साठीपुढची माणसं १४.९ कोटी होती, २०५० पर्यंत ती ३४.७ कोटी होतील. आकडा राहू द्या. शहापुरात, टिळकवाडीत, वडगावात संध्याकाळी फिरा. मोठाली घरं, आणि आत दोघंच. एखाद्या घरात एकच. १९५६ साली जी पोरं विशीत होती, सीमालढ्यात लाठ्या खाल्ल्या, हिंडलग्याचा तुरुंग बघितला, ती आज नव्वदीच्या घरात. त्यांतली उरलीत किती? जी आहेत, त्यांतल्या काहींना सकाळी काय जेवलो ते आठवत नाही, आणि त्या वेळचं सांगायलाही आता जमत नाही. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत जे पुढे चालायचे, ते आता फेरी बघायला दारात खुर्ची टाकून बसतात. आपण त्यांचा सत्कार करतो, शाल देतो. त्यांची स्मृती का गेली हे शोधणाऱ्या मुलाला मात्र आपण काहीच देत नाही.

थोडं रागावते, आपल्या माणसांवरच रागावता येतं. शिवजयंतीच्या चित्ररथाला आपण एका गल्लीत जेवढी वर्गणी काढतो, ती बघून बाहेरची माणसं थक्क होतात. काढावी, मला तो चित्ररथ प्राणापलीकडे आवडतो. महाराष्ट्र ज्यांवर हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मुलांना महाराष्ट्रात मेडिकल-इंजिनिअरिंगला राखीव जागा असतात, त्यासाठी कुठला दाखला, कुठल्या टेबलावर, हे आपल्या प्रत्येक गावातल्या कार्यकर्त्याला तोंडपाठ आहे. तोच कार्यकर्ता संशोधनाचं म्हटलं की हात वर करतो. आयसर या विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा, एमएस्सीसाठीची जॅम, संशोधनाची शिष्यवृत्ती देणारी नेट-जेआरएफ, विज्ञान अकादम्यांची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती, यांची नावं आपल्या मराठी हायस्कुलांच्या फलकावर मी कधी बघितली नाहीत. आपल्याच बेळगावात आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, पारंपरिक औषधांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. किती शाळांनी मुलांना नेऊन ती दाखवली?

दादा विचारतो तो पैशाचा प्रश्न खोटा नाही. जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये आणि वर घरभाडं, पण ते दर महिन्याला वेळेवर हातात पडतील याची खात्री नसते. जेआरएफ मिळण्याआधीची दोन-तीन वर्षं त्याहून अवघड. बिनपगारी प्रकल्प, मुलाखतीला पुणे, हैदराबाद, मुंबई अशा चकरा, परीक्षांची शुल्कं. शेतकऱ्याचं किंवा मागावर काम करणाऱ्याचं पोर इथंच गळतं, आणि बहुधा बी.एड. करून मोकळं होतं. बी.एड. वाईट नाही, मीही तेच करून आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं. पण ज्याला पुढे जायचंय त्याला अडवणारी रक्कम किती लहान असते, हे मी वर्गातून बघितलंय. एखाद्याचा अर्ज नुसता गाडीभाडं नाही म्हणून राहतो.

म्हणून मंडळानं या मधल्या वर्षांसाठी निधी उभारावा, अशी माझी मागणी आहे. मोठं बक्षीस, मोठा समारंभ नको. प्रवास, शुल्क, आणि शिष्यवृत्ती रखडली तर चार-सहा महिने तग धरता येईल एवढं. परदेशातल्या मंडळींकडे पैशापेक्षा मोठी गोष्ट आहे. तुमच्यातले किती जण औषध कंपन्यांत, विद्यापीठांत आहात. आपल्या पोराचा अर्ज एकदा वाचून द्या, मुलाखतीची तालीम घ्या. खानापूरच्या मुलाला इंग्रजीत बोलायची भीती असते, त्याला डोकं कमी नसतं. आणि इथल्या ज्येष्ठांनो, मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ पासून देशभर ४५ वर्षांवरची माणसं आणि त्यांचे जोडीदार अशा मिळून ७२ हजारांहून अधिक जणांची पाहणी केली. असं कुणी तुमच्या दारात आलं, तर त्यांना घरात घ्या, रक्त तपासायला द्या, खरं वय सांगा. माझी आई असल्या कामाला लगेच तयार होईल.

एका गोष्टीवर मात्र कार्यकारिणीत आमचं एकमत झालेलं नाही, आणि ती मी लपवत नाही. काही जण म्हणतात, निधी घेणाऱ्या मुलाकडून लिहून घ्या की तो परत येईल. बेळगावात नाही तर निदान देशात. मला ही अट पटत नाही. ज्याला अळ्यांवर, पेशींवर काम करायचंय, त्याला जिथं यंत्रं आणि शिकवणारी माणसं आहेत तिथं जावंच लागेल. पण अट घालू म्हणणाऱ्यांचं दुखणंही मला कळतं. त्यांच्यातले दोघे एकटे राहतात, मुलं लांब आहेत. उद्या या पोरांच्या अभ्यासाला यश आलं, आपली धडधाकट वर्षं खरोखर दहा-पंधरानं वाढली, तर ती वर्षं आपण इथं कुणाबरोबर काढायची? पाठवणारे आपणच आहोत. भाचीला मी हे विचारलं. ती म्हणाली, "आत्या, ते मला माहीत नाही." मलाही माहीत नाही. पण तिचा प्रवेश या महिन्यात घ्यायचा आहे, निधीचा ठराव आज दुपारच्या सत्रात आहे, आणि अटीचं कलम त्यात अजून तसंच आहे. जेवताना त्यावर बोला. हात वर करायच्या आधी आपल्या घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलांनाही विचारा.