बुधाच्या पोटात काय आहे?

नमस्कार श्रोतेहो. बुध आपल्यापैकी फार थोड्यांनी नीट पाहिलेला असतो. दिसलाच तर संधिप्रकाशात, क्षितिजालगत, थोडाच वेळ. आकाराने तर गुरूचा गॅनिमीड आणि शनीचा टायटन हे चंद्रही त्याच्याहून मोठे. पण या ग्रहाची घनता पाहा: पाण्याच्या ५.४३ पट. पृथ्वीची ५.५१. पृथ्वी स्वतःच्याच वजनाखाली दाबली गेलेली आहे, बुधावर तेवढा दाब नाही. मग हा जडपणा आला कुठून? उत्तर एकच, लोखंड.

बुधाची त्रिज्या सुमारे २,४४० किलोमीटर आणि त्यातली जवळपास २,००० किलोमीटर नुसता लोखंडी गाभा. वरचा खडक जेमतेम चारशे किलोमीटर जाडीचा. पृथ्वीचा गाभा आकारमानाच्या सहाव्या हिश्श्याएवढा. बुधाचा निम्म्याहून जास्त!

हा गाभा घट्ट की पातळ? लहान ग्रह लवकर निवतो, तेव्हा तो केव्हाच गोठला असेल असं वाटायचं. पण १९७४ मध्ये मरिनर-१० यान जवळून गेलं आणि त्याला चुंबकीय क्षेत्र सापडलं. अगदी क्षीण, पण होतं. आणि असं क्षेत्र सहसा गाभ्यातल्या वितळलेल्या लोखंडाच्या हालचालीतून तयार होतं.

पुढचा पुरावा मिळाला तो मला फार मोलाचा वाटतो, कारण तो पृथ्वीवर बसून मिळवलेला आहे. बुधाची कक्षा लंबवर्तुळाकार. त्यामुळे सूर्याच्या ओढीने त्याचं स्वतःभोवतीचं फिरणं किंचित मागेपुढे होतं. पाण्याने भरलेला तांब्या झटकन फिरवून पाहा, तांब्या वळतो, पाण्यावरचं तुळशीचं पान जवळजवळ जागच्या जागी राहतं. बुधाच्या आतही द्रव असेल, तर हेलकावा फक्त वरच्या कवचाला बसेल आणि तो मोठा असेल. खगोलशास्त्रज्ञ ज्याँ-लुक मार्गो आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनच्या रेडिओ दुर्बिणीतून बुधाकडे रडारलहरी सोडल्या. परतलेल्या प्रतिध्वनीत तीव्र-मंद ठिपक्यांची नक्षी असते. ग्रह फिरतो तसे हे ठिपके आधी एका दुर्बिणीवरून सरकत, मग काही सेकंदांनी दूरच्या ग्रीन बँकच्या दुर्बिणीवरून. या वेळेच्या फरकावरून बुधाच्या फिरण्याचा वेग लाखात एका भागाइतका अचूक मोजता आला. २००७ मध्ये निष्कर्ष आला: विषुववृत्तावर हेलकावा चारशे मीटरहून थोडा जास्त, म्हणजे अख्खा ग्रह घन असता तर भरला असता त्याच्या दुप्पट. गाभ्याचा निदान बाहेरचा भाग वितळलेलाच आहे.

मेसेंजर यान २०११ ते २०१५ बुधाभोवती फिरलं. त्याच्या मोजमापांवरून आत घन गाभाही असावा, असं २०१९ मध्ये मांडलं गेलं. ग्रह निवत गेला तसा आक्रसला. त्रिज्या सात किलोमीटरपर्यंत घटली आणि जमिनीला वळ्या पडून लांबच लांब कडे उभे राहिले.

राहिला प्रश्न एवढ्या लोखंडाचा. एका प्रचंड टकरीत वरचा खडक उडून गेला, असं बरेच जण मानत. पण मेसेंजरला पृष्ठभागावर गंधक आणि पोटॅशियम भरपूर आढळलं. एवढ्या भाजून काढणाऱ्या टकरीत ते टिकायला नको होतं. त्यामुळे ही कथा आता पूर्वीइतकी सरळ पटत नाही. २०१८ मध्ये निघालेल्या बेपीकोलंबो मोहिमेतली एक युरोपीय आणि एक जपानी अशी दोन यानं २०२६ च्या नोव्हेंबरमध्ये बुधाच्या कक्षेत शिरायची आहेत. हेलकावा आणि गुरुत्वाकर्षण अधिक बारकाईने मोजलं, की आतला घन गाभा नेमका केवढा हे ठरवता येईल.