वाचने जुळली, उत्तर चुकले

नमस्कार, श्रोतेहो. विज्ञानाच्या तासाला मुले मोजपट्टी, तापमापी आणि स्टॉपवॉच हाताळतात, आणि लागोपाठची वाचने एकसारखी आली की प्रयोग साधला, असे त्यांना वाटते. शिक्षकांनाही वाटते, मला तर बरीच वर्षे वाटत होते. म्हणून आज दोन शब्दांतला फरक सांगतो. मोजलेले मूल्य खऱ्या मूल्याच्या किती जवळ आहे, ती अचूकता. आणि तीच राशी पुन्हा पुन्हा मोजल्यावर येणारी वाचने एकमेकांच्या किती जवळ आहेत, ती परिशुद्धता. पुन्हा सांगतो: अचूकतेचे नाते खऱ्या मूल्याशी, तर परिशुद्धतेचे नाते वाचनांचे आपापसात. बोलताना आपण दोन्हींना ‘अचूक’ म्हणून मोकळे होतो आणि घोटाळ्याला तिथेच सुरुवात होते.

असा घोटाळा माझ्याच वर्गात झाला. लंबकाच्या साहाय्याने गुरुत्वीय त्वरण काढायचे होते. दोरा बांधलेल्या जागेपासून गोळ्याच्या मध्यापर्यंतची लांबी बरोबर १०० सेंटीमीटर ठेवली होती. वीस दोलनांचा वेळ मोजायचा आणि त्याला विसाने भागून आवर्तकाल काढायचा. वीस दोलने अशासाठी, की बटण दाबताना अंगठा सेकंदाच्या एक-दोन दशांशांनी मागेपुढे होतोच, आणि ती चूक विसांत वाटली गेली की नगण्य ठरते. एका गटाची वाचने आली ३८.१, ३८.०, ३८.२, ३८.१ आणि पुन्हा ३८.१ सेकंद. शेजारच्या गटाची आली ३९.६, ४०.५, ४०.२, ३९.८ आणि ४०.४. मी पहिल्या गटाची वही सगळ्या वर्गाला उंच धरून दाखवली, आणि दुसऱ्या गटाला, ‘लक्ष कुठे आहे तुमचे?’ असे विचारून पुन्हा मोजायला बसवले.

मग आकडेमोड झाली. ज्यांना मी बोललो होतो, त्यांची सरासरी ४०.१ सेकंद आणि त्वरण ९.८२ मीटर प्रति सेकंद वर्ग, ते ९.८च्या आसपास असायला हवे हे आपण जाणताच. ज्यांची वही मी मिरवली होती, त्यांचे त्वरण मात्र १०.८८ आले! मी लांबी पुन्हा मोजली, ती १०० सेंटीमीटरच भरली. स्टॉपवॉच बदलून दिले, तरी ३८.१. शेवटी मी त्यांच्या टेबलाशी नुसताच उभा राहिलो आणि कान देऊन ऐकू लागलो. मुलीने गोळा सोडला, मुलाने बटण दाबले आणि त्याच क्षणी तो मोठ्याने म्हणाला, ‘एक!’ श्रोतेहो, त्या क्षणी एकही दोलन झालेले नव्हते. तिथे ‘शून्य’ म्हणायला हवे होते. त्यांचा ‘वीस’ येईपर्यंत लंबकाची एकोणीसच दोलने होत होती, आणि पाचही वेळा त्यांनी तीच चूक त्याच शिस्तीने केली होती.

दुसऱ्या गटाची चूक यादृच्छिक होती, म्हणजे कधी थोडी जास्त, कधी थोडी कमी, त्यामुळे सरासरीत ती बरीचशी निवली. पहिल्या गटाची चूक पद्धतशीर होती, म्हणजे दर वेळी एकाच दिशेला नेणारी. अशी चूक पाच वाचने घ्या नाहीतर पाचशे घ्या, सरासरीने जात नाही. हे पुन्हा सांगण्यासारखे आहे: सरासरीने विखुरलेपणा कमी होतो, पद्धतशीर चूक तशीच राहते.

ही चूक मोठमोठ्यांनाही चकवते. ग्रिनिचच्या वेधशाळेचे प्रमुख मॅस्केलिन यांनी १७९६ साली किनब्रुक नावाच्या साहाय्यकाला कामावरून काढले, कारण दुर्बिणीतील तारेवरून तारा सरकल्याची त्याने नोंदवलेली वेळ मॅस्केलिन यांच्या नोंदीपेक्षा सुमारे ०.८ सेकंदाने उशिराची असे. पुढे जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी निरीक्षकांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा मुरलेल्या निरीक्षकांतही असा ठरावीक फरक पडतो असे आढळले. मॅस्केलिन यांनी स्वतःचीच नोंद बरोबर धरली होती. वही उंच धरताना मीही दुसरे काय केले होते?

जाता जाता एक तक्रार नोंदवतो. प्रयोगशाळेत खोडरबर येऊ देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. सुबक वहीला गुण देण्याची आपली सवयच मुलांना न जुळणारे वाचन खोडायला शिकवते. आणि दशांशापर्यंत मोजणाऱ्या घड्याळावरून काढलेल्या उत्तरात गणकयंत्राचे आठही अंक उतरवून घेणे, हा त्याच रोगाचा दुसरा प्रकार आहे.

त्या मुलाजवळ सुदैवाने खोडरबर नव्हते. त्याने ३८.१ हा आकडा तसाच ठेवला, ‘वीस’वर एक रेघ मारली, वर ‘एकोणीस’ लिहिले आणि भागाकार नव्याने मांडला. त्वरण आले ९.८२.