माहिती एकदाच: आंतरराष्ट्रीय व्यापारातील एक खिडकी प्रणाली

बंदरात उतरलेल्या एका कंटेनरमध्ये ताजी फळे आहेत. माल नियमांत बसणारा आहे, आयातदार शुल्क भरायला तयार आहे, तरीही कंटेनर धक्क्यावरच अडकून पडला आहे. कारण सीमाशुल्क विभाग, वनस्पती संरक्षण यंत्रणा आणि अन्नसुरक्षा यंत्रणा या तिघांचीही परवानगी लागते आणि मालाचे नाव, वजन, मूळ देश ही तीच ती माहिती प्रत्येकाने आपापल्या अर्जात नव्याने मागितली आहे.

या अडचणीवरचा उपाय म्हणजे एक खिडकी प्रणाली: व्यापाऱ्याने माहिती एकाच ठिकाणी एकदाच द्यायची आणि ती सर्व संबंधित यंत्रणांनी वापरायची. सिंगापूरने १९८९ मध्येच ‘ट्रेडनेट’ ही अशी इलेक्ट्रॉनिक प्रणाली सुरू केली आणि ज्या परवान्यांसाठी पूर्वी काही दिवस जात, ते काही मिनिटांत मिळू लागले. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार २२ फेब्रुवारी २०१७ रोजी लागू झाला. त्याच्या दहाव्या कलमानुसार सदस्य देशांनी एक खिडकी प्रणाली उभारण्याचा प्रयत्न करायचा आहे, आणि त्या खिडकीत एकदा आलेली कागदपत्रे, तातडीची परिस्थिती व अन्य मोजके अपवाद वगळता, दुसऱ्या कोणत्याही यंत्रणेने पुन्हा मागायची नाहीत.

प्रत्यक्षात मात्र अनेकदा संकेतस्थळ नवे येते आणि त्यामागची कामाची रीत जुनीच राहते. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग त्याचीच छापील प्रत सहीशिक्क्यानिशी कचेरीत नेऊन द्यायची, अशा व्यवस्थेत व्यापाऱ्याचे काम उलट वाढते. अशा व्यवस्थेला एक खिडकी म्हणणे योग्य नाही.

म्हणून सुधारणेची सुरुवात संगणकापासून नव्हे, तर अर्जांपासून व्हायला हवी. सर्व विभागांचे अर्ज शेजारी शेजारी ठेवून त्यातला प्रत्येक रकाना तपासावा लागतो. एक विभाग वेष्टनासह वजन मागतो, दुसरा निव्वळ वजन मागतो, तर तिसऱ्याला केवळ पेट्यांची संख्या हवी असते. कोणती माहिती खरोखर लागते, तिचे एकक कोणते आणि तिला एकच नाव कोणते द्यायचे, हे ठरल्याशिवाय एका यंत्रणेची नोंद दुसरीला वाचता येत नाही. यासाठी जागतिक सीमाशुल्क संघटनेने तयार केलेले माहितीचे प्रमाणित प्रारूप उपलब्ध आहे. खरी कसोटी तंत्रज्ञांची नसतेच. वर्षानुवर्षे चालत आलेला आपला अर्ज सोडून द्यायला प्रत्येक विभाग राजी व्हावा लागतो, आणि त्यासाठी सर्वांना बांधील ठरेल असा निर्णय शासनाच्या वरच्या पातळीवरच घ्यावा लागतो.

त्यासोबत कायदाही बदलावा लागतो. इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीला कागदावरील सहीइतकीच मान्यता हवी. तसेच कोणत्या विभागाने कोणती माहिती पाहावी आणि व्यापाऱ्याची गोपनीय माहिती कोणी जपावी, हे स्पष्ट लिहिलेले असावे. तपासणीचेही तसेच आहे. तीन यंत्रणांनी तीन वेगळ्या दिवशी तोच कंटेनर उघडण्याऐवजी जोखमीचे मूल्यमापन एकत्र करून, गरज असेल तेव्हा तपासणीही एकाच वेळी करावी.

पुढचा टप्पा सीमेपलीकडचा आहे. आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेतील पाच देशांनी २०१८ च्या आरंभी आपापल्या राष्ट्रीय प्रणाली जोडून मालाच्या मूळदेशाचे प्रमाणपत्र इलेक्ट्रॉनिक स्वरूपात पाठवण्यास सुरुवात केली. वनस्पती आरोग्य प्रमाणपत्रांच्या इलेक्ट्रॉनिक देवाणघेवाणीसाठी ‘ई-फायटो’ ही व्यवस्था आहे. ज्या देशाने प्रमाणपत्र दिले त्याच्याकडूनच ते थेट आल्यामुळे बनावट कागदांना फारसा वाव उरत नाही.

यातून किती फरक पडला, हे किती जणांनी प्रणालीत खाते उघडले यावरून कळत नाही. जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या पद्धतीने माल आल्यापासून सुटेपर्यंतचा वेळ टप्प्याटप्प्याने मोजावा, कोणत्या विभागाकडे किती तास गेले ते जाहीर करावे, आणि स्वतःचा दलाल ठेवणे न परवडणाऱ्या छोट्या निर्यातदाराला हीच प्रक्रिया एकट्याने पूर्ण करता येते का, हेही त्याच अभ्यासात तपासावे.