तीन पानांचा सण

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या अंगणात, कुंडीच्या कडेला किंवा ओलसर भिंतीच्या तळाशी आंबुशी उगवते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. एका नाजूक देठावर तीन पाने आणि तोंडात टाकली की जिभेवर आंबट चव. आयर्लंडमध्ये १७ मार्चला, म्हणजे संत पॅट्रिक दिनाच्या सणाला, सकाळी कोटाच्या छातीवर टाचणीने लावली जाणारी शॅमरॉक हिच्याच चेहऱ्यामोहऱ्याची असते. तिची जात मात्र निराळी. ती क्लोव्हर नावाच्या चाऱ्याच्या कुळातली. आयरिश भाषेतील मूळ शब्दाचा अर्थच 'कोवळी क्लोव्हर' असा आहे.

तरीही खरी शॅमरॉक कोणती, याविषयी तेथे एकमत झालेले नाही, आणि मला या सणाची पहिली गंमत येथेच दिसते. १८९३ साली नथानिएल कोलगन या निसर्गअभ्यासकाने निरनिराळ्या परगण्यांतील लोकांकडून त्यांची त्यांची 'अस्सल' शॅमरॉक मुळासकट मागवली, ती कुंड्यांत लावली आणि फुले येईपर्यंत धीराने वाट पाहिली. फुले आली तेव्हा कोणाची पिवळी निघाली, कोणाची पांढरी, तर काहींची चक्क लाल. लोकांनी अगदी खात्रीने पाठवलेली रोपे एकाच जातीची नव्हती. पण त्यामुळे सणाचे काहीही अडले नाही. तीन पाने आणि हिरवा रंग एवढे जुळले की पुरे.

ज्यांच्या नावाने हा सण होतो ते संत पॅट्रिक पाचव्या शतकातले. त्यांचा जन्म आयर्लंडमधला नव्हे, तर रोमन अमलाखालील ब्रिटनमधला. सोळाव्या वर्षी आयरिश लुटारूंनी त्यांना पळवून नेले, सहा वर्षे त्यांनी गुलाम म्हणून गुरे-मेंढरे राखली, मग ते निसटून घरी पोहोचले आणि पुढे त्याच भूमीवर धर्मोपदेशक होऊन परतले. हे त्यांनी स्वतःच लॅटिनमध्ये लिहून ठेवले आहे. त्यांनी बेटावरचे सगळे साप समुद्रात हाकलले, ही कथा मात्र नंतरची. हिमयुगानंतर त्या बेटावर साप पोहोचलेच नव्हते. तरीही तेथील मुलांना ही कथा सांगताना आजीआजोबांचा आवाज रंगतो, आणि तो रंगावाच.

आज १७ मार्च म्हटले की डोळ्यांपुढे हिरव्या टोप्या, ढोल आणि रंगवलेले चेहरे येतात. परंतु खुद्द आयर्लंडमध्ये हा दिवस बराच काळ देवळात जाण्याचा आणि घरी शांतपणे जेवण्याचा होता. १९०३ साली तो सार्वजनिक सुट्टीचा दिवस झाला. १९२७च्या कायद्याने त्या दिवशी मद्यालयांना टाळे लागले आणि ते साठच्या दशकाच्या उंबरठ्यापर्यंत टिकले. डब्लिनमधल्या श्वानप्रदर्शनात तेवढी मद्य मिळण्याची सोय असे, त्यामुळे एरवी कुत्र्यांकडे ढुंकूनही न पाहणारे कित्येक गृहस्थ त्या दिवशी मोठ्या आस्थेने प्रदर्शनाला जात, अशी आठवण तेथे आजही हसत हसत सांगितली जाते.

मग ही सगळी धमाल आली कोठून? ती दूर गेलेल्यांनी घडवली. न्यूयॉर्कमधली मिरवणूक १७६२ सालापासूनची, आणि ती सुरू करणाऱ्यांत ब्रिटिश सैन्यात चाकरीला असलेले आयरिश शिपाई होते. पुढे १८४५ पासून बटाट्याचे पीक कुजत गेले, त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे दगावली आणि त्याहून अधिक जहाजांत बसून देशोधडीला लागली. परक्या शहरात ज्यांना हिणवले जात होते, त्यांनी वर्षातून एक दिवस भर रस्त्यावरून वाजतगाजत, आपला रंग अंगावर घेऊन चालायचे ठरवले. या सणातला हलकेपणा मला म्हणूनच मोलाचा वाटतो. तो दुःख ठाऊक नसलेल्यांचा नाही.

शिकागोची गोष्ट तर मुद्दाम सांगण्याजोगी आहे. तेथील नळ-कारागिरांच्या संघटनेतली माणसे नदीत सांडपाणी कोठून मिसळते ते शोधण्यासाठी एक रंग वापरत, आणि त्यांचे कपडे हिरवेगार होत. त्यावरून १९६२ साली कोणाच्या तरी मनात आले, की मग सबंध नदीच हिरवी का करू नये? पहिल्या वर्षी सुमारे ४५ किलो रंग ओतला गेला आणि नदी आठवडाभर हिरवी राहिली. आता वनस्पतीजन्य रंग बेताने वापरतात. जवळून पाहिले तर दृश्य मोठे घरगुती आहे. एका मोटारबोटीतली माणसे पीठ चाळायच्या चाळणीने भुकटी पाण्यावर पेरत जातात आणि मागून येणारी दुसरी बोट पाणी घुसळून काढते. ती भुकटी असते केशरी! पाण्याला लागताच ती पाचूसारखी हिरवी होते, आणि काठावर उभ्या असलेल्या हजारो लोकांच्या तोंडून एकदम आनंदाचा चीत्कार निघतो.

हीच धमाल मग माहेरी परतली. डब्लिनचा आजचा मोठा महोत्सव १९९६ साली सुरू झाला. पण माझे मन रमते ते कॉर्क परगण्यातल्या ड्रिप्सी या खेड्यात. तेथील मिरवणूक गावातल्या एका मद्यालयाच्या दारातून निघे आणि दुसऱ्याच्या दारात संपे. अंतर पंचवीस मीटरही नव्हते! जगातली सर्वांत छोटी मिरवणूक म्हणून तिचा लौकिक झाला, आणि दोहोंपैकी एक मद्यालय बंद पडले तेव्हा ती थांबली, याची मला मनापासून हळहळ वाटते.

आपल्या मातीचा एक धागाही या सणात विणला गेला आहे. १९५२ साली आयर्लंडच्या राजदूतांनी अमेरिकेच्या अध्यक्षांना शॅमरॉकची एक लहानशी पेटी पाठवली. त्या साध्या भेटीतून पुढे दरवर्षीचा रिवाज झाला आणि पेटीची जागा स्फटिकाच्या भांड्याने घेतली. अलीकडे ते भांडे पंतप्रधान या नात्याने अध्यक्षांच्या हाती देणाऱ्यांत लिओ वराडकर होते. त्यांच्या वडिलांचे मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड. २०१९च्या डिसेंबरात ते आपल्या कुटुंबासह तेथे येऊन गेले, तेव्हा सारे गाव स्वागताला लोटले होते.

श्रोतेहो, आपल्यापैकी कोणी १७ मार्चला आयर्लंडमध्ये असाल, तर सकाळी शॅमरॉकची जुडी जरूर घ्या, एखादी काडी टाचणीने छातीवर लावा आणि मिरवणुकीत लहान मुलांच्या रांगेमागे उभे राहा, कारण सर्वांत मोठा गलका तेथेच असतो. संध्याकाळपर्यंत पाने मलूल होतात. त्यांना लगेच फेकून देत नाहीत. जुन्या रीतीप्रमाणे रात्रीच्या शेवटच्या पेल्यात ती काडी बुडवतात, सर्वांच्या आरोग्याचे नाव घेऊन पेला रिता करतात, तळाशी उरलेली भिजकी शॅमरॉक बोटांनी उचलतात आणि डाव्या खांद्यावरून भिरकावून देतात.

नमस्कार.